मेंढ्यांची वाट

आयर्लंडमध्ये किल्ला बघायला जायचं म्हणजे कुणाच्या तरी शेतात शिरायचं, एका गोल बांधाला फेरी मारायची, बुटाला लागलेलं शेण गवतावर पुसायचं आणि परत गाडीत बसायचं. पहिल्या रविवारी लेकीनं मला असला किल्ला दाखवला तेव्हा मी तिला विचारलं, "आणि किल्ला कुठे आहे?"

"बाबा, तू त्याच्यावरच उभा आहेस," ती म्हणाली.

बांध माझ्या कमरेइतका होता. आत गवत आणि गवताच्या मधोमध एक वेडंवाकडं काटेरी झाड. हजारेक वर्षांपूर्वी इथे एक कुटुंब आपली गुरं घेऊन राहत होतं, असं फाटकाजवळच्या पाटीवर लिहिलं होतं. म्हणजे हा गोठा झाला. गोठ्याला किल्ला म्हणणाऱ्या माणसांबद्दल मला काय वाटतं ते मी तिथेच मोठ्यानं बोलून दाखवलं. ते काटेरी झाड शेतकरी कधी तोडत नाहीत, तोडलं तर घरावर संकट येतं, असंही तिनं सांगितलं. मी म्हटलं, "संगणकाच्या चिपा बनवतात आणि झुडपाला घाबरतात." तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "दहापैकी किती?"

"चार," मी म्हटलं.

हे गुण कशाचे ते सांगायला हवं. आम्ही स्लायगोत नऊ वर्षं राहत होतो. बायको तिथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. नसांमध्ये घालायच्या बारीक नळ्या एकसारख्या निघतात की नाही हे बघत बसायचं, हे माझं काम. त्या उन्हाळ्यात चाकणच्या एका मित्रानं मला त्याच्या कारखान्यात बोलावलं. ऑगस्ट संपायच्या आत उत्तर हवं होतं. मला जायचं होतं. चौदा वर्षांच्या लेकीला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. मला काय, माणसं झोपवायचीच आहेत, इथे काय नि तिथे काय."

तोडगा लेकीनं काढला. पाच रविवार, पाच जागा. ती दाखवणार, मी दहापैकी गुण देणार. सगळे मिळून पंचवीस झाले तर राहायचं. कमी पडले तर ती तोंडातून एक शब्द न काढता पुण्याला येणार. तसा तक्ता करून तिनं स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर चिकटवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आमच्याही तोंडी तेच बसलंय. लेकीचं तर सगळंच तसं. मराठी तिला पूर्ण कळतं, पण उत्तर येतं ते स्लायगोच्या इंग्रजीत. तिचं बोलणं मी इथे मराठीत उतरवतोय. जिथे ती खरोखर मराठीत बोलली तिथे तसं सांगेन.

पैज मी लगेच मान्य केली, कारण मी हरणं शक्यच नव्हतं. गुण देणारा मी आणि जायला निघालेलाही मीच. त्यातून आमच्या घराण्यात गुण देताना हात सैल कुणाचाच नव्हता. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे आणि मला त्यांच्याच वर्गात कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. अक्षराचा म्हणून एक गुण ते कापायचेच.

शिवाय डोंगर-किल्ल्यांतलं मला कुणी काय दाखवायचं? कॉलेजात असताना सह्याद्रीतली एक सुट्टी मी सोडली नाही. हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड, सगळ्या वाटांनी चढलो. धुक्यात वाट हरवली की पंधरा-वीस पोरं गप्प होऊन माझ्याकडे बघायची. माझी एक रीत होती. वाट मोडली की ढोरवाट शोधायची. गुरं संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे ढोरवाट धरून उतरलं की वाडी लागतेच. होकायंत्र गळ्यात अडकवून येणाऱ्यांची आम्ही यथेच्छ टर उडवायचो. कारखान्यात नळ्या मोजणाऱ्या माणसाकडे तसं कुणी बघत नाही, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं. पण परत जायची घाई होती ती त्यामुळेच.

दुसरा रविवार एका मठाचा. मठाला छप्पर नव्हतं. पाऊस जिथे थांबायचं नाव घेत नाही त्या देशानं जपून ठेवलेल्या प्रत्येक इमारतीचं छप्पर मात्र उडालेलं असतं, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. चार भिंती, आत गवत, गवतात थडगी. तिकिटाच्या खोलीतून एक निवृत्त गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन बाहेर आले आणि आम्हाला एका खांबापाशी घेऊन गेले. खांबावर मुठीएवढा एक चेहरा कोरला होता. नाक झिजलेलं. त्या चेहऱ्यावर ते गृहस्थ अर्धा तास बोलले आणि बोलता बोलता अंगठ्यानं त्याचा गाल कुरवाळत राहिले. आमच्याकडे असले चेहरे देवळाच्या पायरीला असतात आणि लोक त्यांच्यावर चपला काढून ठेवतात.

"तुमच्याकडेही असं काही असेल ना?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना वेरूळ सांगितलं. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून त्यातून देऊळ काढलंय, हत्तींसकट. मी चांगला दहा मिनिटं बोललो. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फेअर प्ले टू देम," म्हणजे शाबास त्यांची, आणि मला थर्मासच्या झाकणातून चहा दिला. लेक जमिनीकडे बघत होती. मी तीन गुण दिले. चहा पाणचट होता.

तिसऱ्या रविवारी डोंगर. म्हणजे ते त्याला डोंगर म्हणतात. सिंहगडावर गाडी लावायला जागा शोधत असतो तेव्हाही माणूस या डोंगराच्या माथ्यापेक्षा कितीतरी उंचावर असतो. वाटेला पायऱ्या, चिखलावर फळ्या, फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून ठोकलेली जाळी. कडेवर तान्हं मूल घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जात होत्या. भुरभुर पाऊस पडत असताना समोरून येणारा प्रत्येक जण "ग्रँड डे" म्हणत होता.

माथ्यावर दगडांचा एक प्रचंड ढीग. त्याखाली कोणी राणी उभ्यानं पुरलेली आहे, हातात भाला, तोंड शत्रूच्या दिशेला, असं लेकीनं सांगितलं.

"उकरून बघितलं का कुणी?"

"नाही."

"का?"

"कशाला?" ती म्हणाली.

हजारो वर्षं एका ढिगाकडे बघत बसायचं आणि आत काय आहे ते बघायचंसुद्धा नाही. एवढी आळशी उत्सुकता मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आमची माणसंही त्याच दिवशी तिथे आली होती. डब्लिनजवळच्या ल्यूकनहून, भगवे टी-शर्ट घालून, सगळ्यांच्या पाठीवर छापलेलं 'मोहीम'. शनिवारी डब्लिनच्या मॉलमधून घेतलेल्या काठ्या, आकाशात घोंघावणारा ड्रोन आणि अर्ध्या तासाच्या चढानंतर घोषणा. त्यांतला एक मला म्हणाला, "दादा, या ना फोटोत, तुम्ही पण पुण्याचेच ना?" मी नाही म्हटलं. आयरिश लोकांची मला कीव येत होती, पण ते निदान टेकडीवर येऊन टेकडीवर आल्यासारखंच वागत होते.

पाच गुण दिले. वरून समुद्र दिसत होता, त्यात समुद्राचा काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून चाकणच्या मित्राला कळवून टाकलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आमची जुनी सवय. येतोय, पत्र तयार ठेव, एवढंच लिहिलं. पैज संपलेली नव्हती. पण निकाल ठरलेला असताना परीक्षा संपायची वाट कशाला बघा, असं मी मनाशी म्हटलं. बायकोलाही सांगितलं नाही. पुढचे दोन रविवार शिस्तीत पार पाडायचे, म्हणजे मुलीला आपण हरलो असं वाटेल, फसवलं गेलो असं वाटणार नाही. हा माझा समजूतदारपणा होता.

चौथा रविवार एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा. रूळ उखडून टाकलेत आणि त्या जागेवर लोक सायकली चालवतात. गाडी धड चालवता आली नाही याचा उत्सव करणारा देश मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तसं बोललोही. त्या दिवशी लेकीनं वाद घातला नाही. ती नुसतं दाखवत राहिली. हा बगळा. हे फुलाचं झुडूप, इथे आम्ही शाळेतून आलो होतो. इथे स्टेशन होतं, हा फलाट. हरली म्हणून गप्प आहे, असं मी समजलो आणि मोठ्या मनानं चार गुण दिले.

सोळा झाले. पाचव्या जागेला नऊ मिळाले तर ती जिंकणार होती. तेवढी फट मी जाणूनबुजून ठेवली होती, पुढे कुणी अन्याय झाला असं म्हणू नये म्हणून.

पाचव्या रविवारी आम्ही शेजारच्या मेयो परगण्यात गेलो. कासलबारला चहा घेतला आणि तिथून समुद्राकडे. डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. दगडी घरांची लांबच लांब रांग, एकाही घराला छप्पर नाही, दारांच्या चौकटीतून मेंढ्या ये-जा करताहेत. मागच्या उतारावर जमिनीवर समांतर वरंबे दिसतात, गवताखालून उठून आलेले. ते बटाट्याचे वाफे आहेत, लेक म्हणाली. बटाटे जमिनीतच सडले तेव्हा इथली माणसं काही मेली, काही बोटीत बसून गेली. वाफे तेवढे राहिले.

मी म्हटलं, "एका पिकावर अख्खा देश टांगून ठेवायचा म्हणजे असंच होणार. कडेला थोडी डाळ लावायची अक्कल नव्हती का कुणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली. वाटली, पण मी बोलत राहिलो. लाज वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

गावाच्या पुढून एक आखलेली वाट जाते. पायथ्यानं मोठा वळसा घेऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एका मोडक्या चर्चपाशी पोचते. दर थोड्या अंतरावर खांब, खांबावर पिवळा बाण, बाणाखाली चालणाऱ्या माणसाचं चित्र, न जाणो कुणी पोहत जाईल. बाण बघून बघून माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात उजवीकडे गवतातून सरळ खिंडीकडे चढणारी, पायांनी मळलेली बारीक रेघ मला दिसली.

"ही बघ ढोरवाट. वळसा वाचला."

"बाबा, ती मेंढ्यांची आहे. तिकडे बॉग आहे, दलदल. बाण सोडून जाऊ नका असं लिहिलंय."

"पाट्या शहरातल्या माणसांसाठी असतात," मी म्हटलं, "डोंगरात जनावराला सगळ्यात जास्त कळतं." आणि निघालो. ती माझ्या मागून आली.

वीस मिनिटं वाट छान होती. मग तिचे दोन फाटे झाले, त्यातल्या एकाचे तीन. वरून ढग उतरला आणि खालचं गाव दिसेनासं झालं. मी सगळ्यात ठळक फाटा धरला. तो एका दगडाला वळसा घालून होता तिथेच परत आला. समोर एक सपाट, हिरवागार तुकडा होता, पोपटी म्हणावा इतका हिरवा. सह्याद्रीत अशी जागा दिसली की आम्ही पाठपिशव्या टाकून लोळायचो. मी त्यावर पाय ठेवला आणि मांडीपर्यंत आत गेलो.

तोल सावरायला दुसरा पाय टाकला, तोही गेला. खाली तळ नव्हता. थंडगार, काळा, लापशीसारखा चिखल. पाय उपसायला गेलो की तो चिखल कमरेकडे सरकत होता. मी घाबरलो. इतका घाबरलो की चौदा वर्षांच्या मुलीवर ओरडलो, "इकडे ये, हात दे, बघत काय उभी राहिलीस?"

ती आली नाही. चार हात दूर, झुडपांच्या एका कोरड्या गठ्ठ्यावर गुडघे टेकून बसली. "मी आले तर दोघंही अडकू," ती म्हणाली. "मागे रेल. पाठीवर झोप. हात पसर. शाळेत आम्हाला शिकवलंय." मी आणखी एकदा ओरडलो. तिचा आवाज चढला नाही. "एक पाय. हळूहळू हलव. आता थांब. श्वास घे. आता दुसरा." तिची आई माणसाला भूल देताना काय बोलते ते मी कधी ऐकलेलं नाही, पण असंच बोलत असणार. मग तिनं पाठपिशवीचा पट्टा माझ्याकडे फेकला आणि मी उताणा, इंचाइंचानं, बाहेर आलो. डावा बूट आतच राहिला. पुण्याहून आणलेला, सगळे गड चढलेला बूट.

तिच्या पिशवीला शिटी होती. ती थांबून थांबून वाजवत राहिली. बऱ्याच वेळानं ढगातून चारचाकी मोटारसायकलचा आवाज आला. म्हातारा शेतकरी, मागे कुत्रा. त्यानं माझ्या चिखलानं भरलेल्या मोज्याकडे बघितलं आणि कुठे निघाला होतात म्हणून विचारलं. वाट धरून चाललो होतो, मी म्हटलं, आणि ती रेघ दाखवली.

"ती मेंढ्यांची," तो म्हणाला. "त्यांना कुठे जायचं नसतं. त्या नुसत्या चरतात." इथल्या मेंढ्या उन्हाळाभर डोंगरावरच सोडलेल्या असतात. संध्याकाळी घरी जायचं त्यांना ठाऊकच नसतं. तो हसला असता तर बरं झालं असतं. पण लहान मुलाला सांगावं तसं त्यानं ते नीट समजावून सांगितलं.

तेव्हा लेक मध्येच म्हणाली, "चूक माझी आहे. मीच म्हटलं इकडून जाऊ. बाबा माझ्या मागे येत होता."

म्हातारा तिला बोलला. इथे वाढलेली मुलगी, तुला कळायला हवं होतं, वडिलांना काय झालं असतं. ती मान खाली घालून हो म्हणाली. आणि मी गप्प बसलो. गोठा, छप्पर, डाळ, ड्रोन, सगळ्यांवर महिनाभर तोंड चालवलं होतं, आणि एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात इतकं हलकं दुसरं काहीही मी पाहिलं नाही.

घरी आलो. मी आंघोळ करून खाली आलो तेव्हा ती प्रेसच्या दारापाशी उभी होती. पाचव्या चौकटीत तिनं स्वतःच शून्य लिहिलं होतं.

"मला विचारलं नाहीस," मी म्हटलं.

ती मराठीत बोलली. शब्द शोधत शोधत. "जाऊ आपण पुण्याला. तुला तिकडचे रस्ते येतात."

एवढं बोलून ती पेनाचं टोपण लावत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "मी आधीच हो कळवलंय. तिसऱ्या रविवारी."

"माहितेय. लॅपटॉप उघडा होता."

"आणि तरी तू मला पुढच्या दोन ठिकाणी नेलंस? कशाला?"

ती पुन्हा मराठीतच म्हणाली, "जायच्या आधी तुला दाखवायचं होतं."

सोमवारी सकाळी कारखान्याच्या वाहनतळातून मी मित्राला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तो आधी चिडला, मग त्यानं खोदून खोदून विचारलं. पगार वाढवला का? बायको नाही म्हणाली का? मी सगळ्याला नाही म्हटलं.

"मग तिकडे आहे काय एवढं?" तो म्हणाला.

"दगड आहेत," मी म्हटलं. "आणि मेंढ्या."

"आणि?"

"आणि काही नाही. मी अजून नीट बघितलेलं नाही."